मिठाचा दगड

सूड घ्यायचा तर समोर माणूस लागतो. सरकारचा सूड कसा घेणार? त्याला ना तोंड, ना दार. त्यात ते सरकार आपलं पण नाही, समुद्रापलीकडचं. लय दिवस मी नुसती मनातल्या मनात शिव्या घालत होते. भाकरी थापताना त्यांनाच थापत होते म्हणा ना. आणि मग गेल्या हिवाळ्यात त्यांच्यातलं एक माणूस आपल्या पायानं माझ्या मेंढवाड्यात चालत आलं. मी त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं. कसं ते सांगते. कुणाला नाक मुरडायचं असेल त्यानं खुशाल मुरडावं.

आम्ही मेंढरं राखणारी माणसं. चुडाव्याच्या टेसनावरून गाडी पुढं निघाली की रुळाच्या कडेला काट्याकुपाट्याचं कुंपण दिसतं, तो आमचा वाडा. घर गावात आहे, पण आमचा सगळा जीव वाड्यात. मी दहावी शिकले, लग्न झालं आणि कळपामागं लागले. लेकीला मात्र मी तिकडं फिरकू दिलं नाही. नांदेडला तिनं नर्सिंग केलं, बोरीचा जावई मिळाला, तोही त्याच कामातला, आणि दोघं इंग्लंडला गेली. तिथल्या दवाखान्यात ती म्हाताऱ्याकोताऱ्यांचं सगळं करते. हागणं-मुतणं काढते, अंग पुसते, घास भरवते. त्या लोकांना आमच्या पोरीचे हात पाहिजेत. पोरीची माय नको.

लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे काय कुणी सांगायला पाहिजे का? पण तिचं ब्लडप्रेशर वाढलं, डॉक्टरनं विमानात बसायची बंदी केली. मग मीच जायचं ठरलं. तिची सासू गुडघ्यानं बेजार, दुसरं कोण जाणार? मी डिंक आणला, आळीव आणले, शेकायला ओवा-शेपा निवडून ठेवल्या. कोकरांची पहिली कातरण निघते ना, जावळ म्हणतात त्याला, लय मऊ असते. ती लोकर मी स्वतः पिंजली, सूत काढलं आणि विणकराकडून इवलीशी घोंगडी करून घेतली. नातवाला गुंडाळायला.

व्हिसाचं काम करणारा एक एजंट परभणीला होता. मी आणि मालक त्याच्याकडं गेलो. त्यानं कॉम्प्युटरवर एकेक विचारायला सुरुवात केली. शेती? सासऱ्याच्या नावावर. घर? दिराच्या नावावर. मग म्हणाला, "जनावरं?"

"मेंढरं हायेत," मालक म्हणाले.

"किती?"

"हायेत, देवाच्या कृपेनं."

"काका, सायबाला देवाची कृपा चालत न्हाई. आकडा लागतो."

"तुझ्या सायबापाई मी माझा कळप मारू का?"

आता हे आमच्याबाहेरच्याला कळायचं नाही. आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. रोज दिवस मावळताना मालक वाड्याच्या दारात उभे राहतात, आणि कोण आलं, कोण मागं राहिलं, हे त्यांना नुसत्या नजरेनं कळतं. पण आकडा तोंडातून काढायचा नाही. काढला की कळपाला नजर लागते, रोगराई येते. सासऱ्यानं कधी काढला नाही, त्यांच्या बापानं काढला नाही. एजंटनं कपाळाला हात लावला आणि तो रकाना मोकळा सोडून दिला.

मग हैदराबादला बोटांचे ठसे द्यायला गेले. सूत काढून काढून माझी बोटं गुळगुळीत झालेली, मशीन काही धरीना. तिथल्या मुलीनं बोटं पुसली, दाबली, परत पुसली. आपल्याच अंगावरचं कातडं खरं आहे हे पटवून द्यायला मी तिथं उभी होते.

उत्तर आलं ते नकाराचं. एजंटनं वाचून दाखवलं. भाषा लय सभ्य होती. या बाईंकडं मायदेशी परत येण्यासारखं काही दिसत नाही, तेव्हा या ठरल्या वेळी परत जातील याबद्दल आमचं समाधान झालेलं नाही.

समाधान झालेलं नाही. मला आधी कळेचना की मला काय म्हणायलेत. मग कळलं तेव्हा डोक्यात अशी तिडीक गेली की एजंटच्या टेबलावरचा पाण्याचा गिलास मी कधी खाली ठेवला आणि तो कसा फुटला, मला आठवत नाही. अरे, माझा नवरा इथं आहे, माझा वाडा इथं आहे, माझ्या सासूची माती इथं आहे. तुमच्या त्या गारठ्यात मी काय घर बांधायला निघाले होते? आणि हे विचारणार कोण? तर ज्यांना दीडशे वर्षं या देशानं जा म्हणून सांगितलं तरी हलले नाहीत, ते. ते मला विचारतात, परत जाशील कशावरून? आमचा मुलूख निजामाचा होता, मला माहीत आहे, शाळेत शिकले मी. पण निजामाच्या डोक्यावर कोण बसलं होतं तेही त्याच पुस्तकात होतं. आमच्या दारावरून जो रूळ गेलाय तो घालून घेणारा मोठा साहेब गोराच होता.

त्या दिवशी गावात आल्यावर मालक घरात शिरलेच नाहीत. वाड्यात गेले, दाराला आडवे उभे राहिले आणि मेंढरं एकेक करून बाहेर सोडत मोठ्यानं मोजायला लागले. मी ऐकत होते. दीर धावत आला, हात धरायला लागला, तर त्याला ढकलून दिलं. शेवटचं मेंढरू बाहेर गेलं तेव्हा घाम पुसला आणि मला म्हणाले, "लिव आता." तो आकडा मी लिहिला आणि एजंटला दिला. इथं लिहिणार नाही.

दुसऱ्यांदा अर्ज केला. दुसऱ्यांदा नकार. का, तर पहिल्या अर्जात जनावरांचा उल्लेख नव्हता आणि आता एकाएकी एवढी जनावरं कुठून आली, हे विश्वास ठेवण्यासारखं वाटत नाही. घ्या. म्हणजे काही नव्हतं तर परत जाणार नाही, आणि आहे म्हटलं तर खोटं बोलायलीस.

तोवर तिकडं लेक बाळंत झाली. पोट फाडून लेकरू काढलं. जावयाला सुट्टी मिळाली ती संपली, तो परत ड्युटीवर, आणि माझी ओली बाळंतीण त्या बंद घरात एकटी. मी फोनवरून ओरडून सांगायची, कान झाक, पोट बांध, थंड पाण्यात हात घालू नको. ती हूं हूं म्हणायची आणि मला मागं नळाचा आवाज ऐकू यायचा. घोंगडी नांदेडचा एक जण तिकडं निघाला होता त्याच्याबरोबर पाठवली. लाडूही दिले होते, पण त्याच्या बॅगेत जागा झाली नाही. आम्हीच खाल्ले ते.

त्या पावसाळ्यात कोकरं लय मेली. सकाळी उठावं तर एखादं पाय ताणून पडलेलं. डॉक्टर आला, सुया दिल्या, म्हणाला साथ आहे, सगळीकडं आहे. मालक मान हलवायचे आणि माझ्याकडं न बघता खड्डा खणायला जायचे. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता दगडाचं सांगते. आमच्या वाड्यात एक लांबट काळा दगड आहे, जमिनीबरोबर बसलेला, वरून सपाट. त्यावर आम्ही मेंढरांना मीठ घालतो. बाजाराच्या दिवशी खडेमीठ आणायचं, संध्याकाळी कळप आला की दगडावर पसरायचं, आणि मेंढरं चाटून चाटून दगड लख्ख करतात. सासऱ्याच्या आधीपासून हेच चालू आहे. दगडावर कधीकाळी अक्षरं होती. जिभांनी ती झिजली, आता कोपऱ्यात एक कोरलेलं फूल तेवढं बोटाला लागतं. मी सून म्हणून आले तेव्हा सासूनं सांगितलं होतं, "मीठ घालायच्या आधी हात लावून पाया पड. खाली गोऱ्या सायबाचं तान्हं लेकरू हाय. रूळ घालायला आल्ते, लेकरू तापानं गेलं, त्याला हितंच ठिवून गेले. कुणाचं का असंना, लेकरू हाय." दर अमावस्येला ती तिथं दिवा लावायची. ती गेली, मग मी लावायला लागले. भोवती लोखंडी कठडा होता म्हणतात, तो मात्र कुणीतरी कधीच काढून नेला.

तर गेल्या हिवाळ्यात, नातू दोन वर्षांचा होत आला तेव्हा, बाजाराच्याच दिवशी, दुपार कलल्यावर एक गाडी वाड्यापाशी येऊन थांबली. तिच्यातून एक गोरी म्हातारी उतरली. सत्तरीची असेल, काटक, पायात कापडी बूट, डोक्याला रुमाल. तिच्यासोबत नांदेडचे एक रिटायर झालेले इंग्रजीचे गुरुजी, दुभाषे म्हणून. टेसनावर कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की रुळाकडचे जुने दगड मेंढक्यांनाच माहीत. मी एकटीच होते. मालक मेंढरं घेऊन लांब गेलेले.

गुरुजींनी सांगितलं ते असं. या बाईंचे पणजोबा इथं रेल्वेवर साहेब होते. त्यांचं पहिलं लेकरू इथंच कुठंतरी पुरलंय. पणजी मरेपर्यंत म्हणायची, माझं बाळ तिकडं एकटं राहिलं. बाईंच्या आईनंही जाताना सांगितलं, कुणीतरी एकदा जाऊन त्याच्यावर हात ठेवून या. म्हणून या आल्या. मग बाईंनी एक जुना फोटो काढून माझ्यापुढं धरला. काळा दगड, भोवती कठडा, कोपऱ्यात फूल.

मी फोटो बघितला. खरं तेच सांगते. मला आनंद झाला.

"बसा की," मी म्हणाले. दगडावर मिठाचं पोतं होतं, ते मी बाजूला केलं, दगडावर दुसरं रिकामं पोतं अंथरलं आणि बाईला तिथंच बसवलं. चहा केला. तिनं दोन्ही हातांनी कप धरला आणि फुंकर घालत प्यायली. लेकराच्या उरावर बसून. मी बाजेवर बसले आणि म्हणाले, "गुरुजी, मला काही इचारायचंय ह्यांना. सबूत मागायलीय म्हणलं तरी चालंल."

"विचारा ना माय."

"कशापाई आल्यात ते कळलं. किती दिवसांसाठी आल्यात?"

थोड्याच दिवसांसाठी, बाई म्हणाली.

"मग परत जातील कशावरून?"

गुरुजी हसले. मी हसले नाही. त्यांनी मग ते इंग्रजीत सांगितलं. बाईनं पर्स उघडून परतीचं तिकीट दाखवायला सुरुवात केली.

"तिकीट माझंबी निघालं असतं. घरी कोण हाय ते इचारा."

कुणी नाही. नवरा वारला. एक मुलगी, ती ऑस्ट्रेलियात.

"शेती?"

नाही.

"जनावरं?"

एक मांजर होतं, तेही गेलं.

"म्हणजे परत जाण्यासारखं ह्यांच्याकडं काही न्हाई," मी म्हणाले. "गुरुजी, नीट सांगा बरं का, शब्द इकडं तिकडं नका करू. म्हणावं, तुमी परत जाल याबद्दल माझं समाधान झालेलं न्हाई. तवा तुमचं काम मंजूर करता येत न्हाई."

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, घसा खाकरला आणि सांगितलं. बाईनं कप खाली ठेवला. मग हळू आवाजात काहीतरी विचारलं.

"त्या विचारतात, तुम्हाला आमच्याकडं यायला कुणी नकार दिला का?"

मूर्ख नव्हती. मग मी सगळं काढलं. लेक, बाळंतपण, लाडू, बोटं, आकडा, कोकरं. गुरुजी मागं पडायला लागले इतकी मी बोलले. तुमच्या म्हाताऱ्यांची घाण माझी लेक काढती, तिच्या कपाळावर हात ठेवायला तुमी मला येऊ दिलं न्हाई, म्हणाले. बाईनं ऐकून घेतलं. तिचे डोळे भरले, ते मला दिसलं. म्हणाली, मला फार वाईट वाटतं, पण हे सरकारचं काम, माझ्या हातात काही नाही.

"माझ्याबी हातात काही न्हाई," मी म्हणाले. "नियमच तसा हाय."

तिथंच संपायचं होतं. ती उठली असती, गेली असती आणि ज्यावर बसून चहा प्यायली ते काय होतं हे तिला जन्मात कळलं नसतं. मला तेच पाहिजे होतं. पण बाजाराचा दिवस. मेंढरांना बरोबर कळतं. लांबून घुंगरांचा आवाज आला आणि पुढची मेंढरं वाड्याकडं पळत सुटली. बाई दचकून उठली. मालक आत आले, पाहुण्यांना मानेनंच रामराम केला, आणि त्यांना काय माहीत, रोजच्यासारखं अंथरलेलं पोतं उचललं, वाकून दगडाला हात लावला, तो कपाळाला लावला आणि मीठ पसरलं.

बाई बघतच राहिली. कळपानं दगड झाकून टाकला, पण मेंढरांच्या माना हलतात तशी फट पडते. त्या फटीतून कोपऱ्यातलं फूल दिसलं असणार. तिनं फोटो बघितला, परत दगड बघितला आणि हात पुढं करून चालायला लागली.

मी मधे उभी राहिले. दोन्ही हात पसरून.

"गुरुजी, सांगा ह्यांना. दिसतंय न्हवं? दिसतंय तेवढं बघा म्हणावं. हात लावायचा न्हाई. मलाबी माझा नातू फोनात नुसता दिसतो. बोलतो, हसतो, सगळं दिसतं. हात लावता येत न्हाई."

"आगं, लावू दे की," मालक म्हणाले. "म्हातारी हाय."

"मी काय जवान हाय का?"

ते मागं सरले. मला वाटतं त्यांना त्यांची कोकरं आठवली. बाईनं हात खाली घेतला. रेटारेटी केली असती तर मला बरं वाटलं असतं, मी अजून बोलले असते. ती नुसती उभी राहिली, मीठ संपेपर्यंत, मेंढरं पांगेपर्यंत. दगड ओला, लख्ख झाला होता. तिच्यापासून हातभर लांब. मी हलले नाही. मग ती गुरुजींना काहीतरी म्हणाली आणि गाडीकडं वळली.

"त्या म्हणतात, आमच्या बाळाला तुम्ही इतकी वर्षं सांभाळलंत, उपकार झाले."

त्या उपकाराचा मला सगळ्यात जास्त राग आला. मी कुठं त्यांच्यासाठी सांभाळलं? गाडी गेली तरी मी हात पसरून उभी होते. मालकांनी माझा एक हात धरून खाली केला.

लगेच लेकीला फोन लावला. तिकडं दुपार होती, तिची सुट्टी होती. सगळं रंगवून सांगितलं, गुरुजींच्या घशाची खाकर सुद्धा. मला वाटलं ती हसेल, म्हणेल बरी जिरवलीस माय. ती म्हणाली, "लावू द्यायचा होतास हात."

"मला शिकवू नको," मी म्हणाले. "नातू दाव माझा."

पश्चात्ताप मला तेव्हाही झाला नाही आणि आजही झालेला नाही. परत आली तर परत मधे उभी राहीन. ज्या दिवशी मला जाऊ देतील त्या दिवशी मी स्वतः तो दगड धुऊन ठेवीन, तोवर नाही.

नातू तोवर रांगायचा सोडून पळायला लागला होता. त्यानं आईच्या हातातून फोन ओढून घेतला. मला आधी छत दिसलं, मग त्याचं नाक, मग एक डोळा. "आजी," म्हणाला आणि एकदम सगळं अंधारलं. काळ्या लोकरीची वीण माझ्या डोळ्यांपुढं आली. मी ओळखली, माझंच सूत ते.

"काय करायलाय गं हा?"

"माय, तो रोज असंच करतो," लेक लांबून म्हणाली. "कुणाचाबी फोन दिसला की आजी म्हणतो. त्याला वाटतं तू त्यातच राहतीस. थंडी वाजू नये म्हणून घोंगडीत गुंडाळतो आणि निजवतो."

तो मला थोपटत होता. बोबडं काहीतरी म्हणत, हळूहळू, मी त्याच्या आईला थोपटायचे तसं. थोपटल्याचा आवाज नीट ऐकू येत होता. माझ्या अंगाला काही लागत नव्हतं.